मसुद्याआधीची बैठक कशी घ्यावी

धोरणाचा मसुदा पक्का करून मग लोकांच्या हरकती-सूचना मागवणं मला मनापासून खटकतं. प्रश्न नेमका काय, हे तोवर कुणीतरी ठरवून मोकळं झालेलं असतं. म्हणून पहिली बैठक मसुद्याआधी घ्या आणि तिच्यात तज्ज्ञांना आधी ऐकायला बसवा, मग बोलू द्या.

मी अशा बैठका चालवते. फळ्यावर आधी दोन रकाने आखते. डावीकडे ‘काय होईल?’, उजवीकडे ‘काय चालेल?’ पूल किती भार पेलेल, हा डावीकडचा प्रश्न. तो हात वर करून सुटत नाही. उरलेला धोका कुणी सोसायचा, पैसा आधी कशावर खर्च करायचा, हे उजवीकडचं. तिथे तज्ज्ञाचं मत इतर कुणाच्याही मताइतकंच. तज्ज्ञ ‘हे करावंच लागेल’ म्हणाले की मी विचारते, “हा तुमचा निष्कर्ष की तुमची पसंती?” चांगला तज्ज्ञ जरा थांबतो आणि खरं ते सांगतो.

मात्र डावा रकाना एकट्या तज्ज्ञांचा समजू नका. 1986 मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघाताचा किरणोत्सर्ग पावसाबरोबर इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगरांवर उतरला. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. तीन आठवड्यांत उठेल असं शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं. शेवटचे निर्बंध 2012 मध्ये उठले. मधल्या काळात जमिनीवर किरणोत्सर्गी द्रव्य शोषून घेणारी बेंटोनाइट माती पसरून, कुंपणात मेंढ्या चारून एक प्रयोग झाला. मेंढपाळ आधीच सांगत होते की मोकळ्या डोंगरावर हिंडणारी मेंढी कुंपणात खंगते. तसंच झालं आणि प्रयोग गुंडाळावा लागला. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे नुसतं दुःखाबद्दल खरं नाही, माहितीबद्दलही खरं आहे.

ही माहिती बाहेर यावी म्हणून “तुमचं मत काय?” असं विचारू नका. लोक मग ऐकलेलं बोलतात. “काल बस पकडायला कसे गेलात?” असं विचारा. एका बैठकीत अभियंत्यानं नकाशावर दाखवलं, थांबा 400 मीटरवर. मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, “त्यात बावन्न पायऱ्या आहेत, बाळा.” त्यानं तिथेच पेन्सिलीनं पायऱ्या काढल्या.

बोलवायचं कुणाला? नुसतं खुलं आमंत्रण दिलंत तर ज्यांना वेळ आहे आणि आवाज आहे तेच येतात. आयर्लंडमध्ये 2016 साली नागरिक सभेसाठी वय, लिंग, भाग यांचं प्रमाण राखून 99 जण यादृच्छिक पद्धतीनं निवडले होते. गर्भपातावरच्या घटनादुरुस्तीसारखा नाजूक विषय त्यांनी तज्ज्ञांकडून समजून घेतला, आपापल्या टेबलांवर चर्चा केली, प्रश्न विचारले आणि मग गुप्त मतदान केलं. 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मतं गर्भपातावरची घटनेतली बंदी उठवण्याच्या बाजूनं पडली. त्यातली एक गोष्ट छोट्या बैठकीतही करता येते: तज्ज्ञाचं बोलणं झालं की लगेच प्रश्न घेऊ नका. लोकांना दहा मिनिटं आपसात बोलू द्या. एरवी गप्प बसणाऱ्यांचा प्रश्न तेव्हा शेजाऱ्याच्या तोंडून का होईना, येतो. परस्परविरोधी मताचे दोन तज्ज्ञ मिळाले तर फारच उत्तम.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. प्रत्येक सूचनेपुढे ‘घेतली’ किंवा ‘घेतली नाही’ आणि एका ओळीत कारण लिहा. पुढच्या बैठकीच्या आठवडाभर आधी तो कागद प्रत्येकाच्या हातात पडू द्या, तज्ज्ञांच्याही.