फॅन होते, ताई झाले

दिवसा मी बँकेत कर्जाच्या फायली तपासते. आठवड्यातून चार वेळा, एक पैसा न घेता, पुण्यातल्या महापालिकेच्या एका मैदानावर आठ ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना बास्केटबॉल शिकवते. याला नऊ वर्षं झाली. अधूनमधून कुणीतरी मैदानाच्या कडेला येऊन विचारतं, "ताई, मलाही शिकवायचंय. सुरुवात कुठून करू?" विचारणारा बहुतेक कॉलेजच्या टीममध्ये खेळलेला असतो, एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, वेडा असतो, आणि आपल्याला खेळ कळतो याची त्याला खात्री असते. मलाही होती.

वेड काय असतं ते मला सांगू नका. अमेरिकेतले रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी सहा-साडेसहाला सुरू होतात. कित्येक वर्षं मी आवाज बंद करून, अंधारात, डब्याची भाजी परततापरतता सामने बघितलेत. आई म्हणायची, "पूजेसाठी कधी एवढ्या लवकर उठली नाहीस." ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीएच्या दोन टीम मुंबईत वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळले, तेव्हा आम्ही मैत्रिणी शनिवारच्या सामन्याला गेलो होतो. आदल्या दिवशीचा सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला होता आणि आमच्या वाट्याला एकतर्फी सामना आला. तरी घसा बसेपर्यंत ओरडलो.

पण फॅन चेंडू बघतो. टीव्हीचा कॅमेराही चेंडूमागेच फिरतो, म्हणून डोळ्याला तीच सवय लागते. शिकवायला लागल्यावर पहिले सहा महिने मीही चेंडूच बघत होते. ज्याच्या हातात चेंडू, त्याला सूचना. बाकीचे नऊ जण काय करतात, कोण उगाच उभं आहे, कोणाची लेस सुटलीय, कोण चेंडू आपल्याकडे येऊ नये म्हणून हळूच दुसऱ्याच्या मागे सरकतंय, हे मला दिसतच नव्हतं. नवीन आलेल्यांना मी एकच गृहपाठ देते: मॅच चालू असताना दोन मिनिटं चेंडूकडे अजिबात बघायचं नाही. जमत नाही. करून बघा.

आता सामानाचं. उत्साहाच्या भरात महागडे चेंडू घेऊ नका. सिमेंटच्या कोर्टवर कातडी किंवा कंपोझिट (नकली कातडीच्या) चेंडूची कातडी दोन-तीन महिन्यांत गुळगुळीत होते, रबरी चेंडूच टिकतो. नंबर मात्र बघून घ्या. सात नंबर मोठ्या मुलग्यांचा, सहा नंबर मोठ्या मुलींचा, आणि बारा वर्षांखालच्यांना पाच नंबर. पालक "पुढे पण चालेल" म्हणून सात नंबर आणतात. शाळेचा बूट दोन साइझ मोठा घ्यायची आपली जुनी खोड. सात नंबरचा चेंडू सहाशे ग्रॅमच्या आसपास असतो. तिसरीतलं मूल तो डोक्यावरून टाकूच शकत नाही, मग दोन पायांमधून झोका देऊन उडवतं, आणि ती सवय पुढे चार वर्षं सुटत नाही. मुलं एनबीएतल्या स्टेफन करीचं नाव घेऊन अर्ध्या कोर्टवरून चेंडू भिरकावतात तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगते. स्टेफन करीसुद्धा शाळेत असताना कमरेजवळून शॉट मारायचा. त्याचे वडील स्वतः एनबीएत खेळलेले. त्यांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचा शॉट पार मोडून नव्याने बसवला, आणि त्या सुट्टीत तो जवळून मारलेले शॉटसुद्धा चुकवत होता. मुलांना यातला चुकवण्याचा भाग फार आवडतो.

रिंगचं दुखणं मोठं. नेहमीची रिंग दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलला ती २.६० मीटरवर लागते. महापालिकेच्या मैदानावर अशी रिंग कोण लावणार? म्हणून मी आमच्या गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. "गोल किती?" "पंचेचाळीस सेंटिमीटर." त्याने सोळा एमएमची सळई वाकवून सुबक गोल केला. मोजला तर पंचेचाळीस बाहेरून. आतून बेचाळीस पण नाही. "ताई, चेंडू तर जातोय की!" म्हणाला आणि माझ्यासमोर दोनदा टाकूनही दाखवला. जात होता, पण तीन सेंटिमीटरनी लहान मुलाचा अर्धा शॉट रिंगला लागून बाहेर येतो. तुम्ही करून घ्याल तेव्हा "आतून पंचेचाळीस" असं कागदावर लिहून द्या. त्याने कुरकुरत दुसरी केली. बोर्डासाठी प्लायवूड लावलं, त्यावर कुठल्याशा बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानाच्या पाटीचा पत्रा ठोकला. त्यावरची "मिठाई" ही अक्षरं अजून वाचता येतात. त्यामुळे आमच्याकडे ती रिंग "मिठाई" आणि दहा फुटी ती "मोठी". "ताई, आज मिठाईवर का मोठीवर?" असं विचारतात.

शिकवण्यातली पहिली मोठी चूक म्हणजे रांग. अठरा मुलं, सहा चेंडू, एक रिंग. आपल्याला कॉलेजात रांगेत उभं करून लेअप (पळत येऊन, दोन पावलं टाकून, रिंगजवळ उडी मारून टाकायचा शॉट) मारायला लावलेलं असतं, म्हणून आपणही तेच करतो. मग एका मुलाची पाळी तीन मिनिटांनी येते, तोपर्यंत मागे मारामारी. मी एकदा तासाभरात एका मुलीच्या हाताला चेंडू किती वेळा लागला ते मोजलं. अकरा वेळा. त्या रात्री झोप नीट लागली नाही. आता सहा चेंडू, तीन-तीन मुलं. दोघं पास देतात, तिसरा मध्ये अडवतो. गोंधळ दिसतो, बाहेरून जाणाऱ्याला वाटतं ही बाई नुसतं खेळवते. वाटू द्या.

लेअप मात्र नीट, उलट्या क्रमाने शिकवा. बहुतेक जण आधी ड्रिबल (चेंडू आपटत पळणं), मग पावलं, मग उडी असं सुरू करतात आणि मूल पावलं मोजता मोजता चेंडू विसरतं. मी शेवटापासून सुरू करते. उजव्या बाजूने, रिंगच्या जवळ, नुसतं डाव्या पायावर उभं राहून उडी. उजवा गुडघा आणि उजवा हात एकदम वर, जणू एकाच दोरीला बांधलेत. ते जमलं की मागे एक पाऊल: उजवा, डावा, उडी. खडूने जमिनीवर दोन पायांचे ठसे काढते, पहिला लांब, दुसरा जवळ, कारण दुसरं पाऊल आखूड पडलं तर उडी वर जाते, लांब पडलं तर मूल रिंगखालून पुढे निघून जातं. हे आठवडाभर. मग ड्रिबल. डावी बाजू नंतर नाही, त्याच आठवड्यात. "नंतर" म्हटलं की ती कधीच येत नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न: "टीव्हीवर तर तीन पावलं टाकतात, त्यांना ट्रॅव्हल (चेंडू धरून जास्त पावलं टाकल्याची चूक) देत नाहीत!" मूल चुकत नाही. पळताना चेंडू धरत असताना जो पाय जमिनीवर असतो तो मोजायचा नाही, असं फिबानेही, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघानेही, २०१७ पासून लिहिलंय. पण नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की तो पाच पावलं टाकतो. मी सांगते, तुझी दोन. कर्णधार झालास की बघू.

आता माझी पहिली स्पर्धा. ते सांगायला नको वाटतं, पण नवीन माणसाने हेच वाचायला हवं. बारा वर्षांखालच्या मुलींची छोटी क्लब स्पर्धा, बारा जणींची टीम. मी रिंगखाली झोन लावला, म्हणजे पाच उंच मुली हात पसरून उभ्या. दहा वर्षांच्या मुली लांबून शॉट मारू शकत नाहीत, त्यामुळे समोरच्यांना काही सुचेना. आम्ही जिंकत होतो आणि माझ्यातली फॅन अक्षरशः उड्या मारत होती. शेवटच्या दोन मिनिटांत सहा पॉइंटची आघाडी राहिली तेव्हा मी कडेवरून "टाइम-आउट! टाइम-आउट!" ओरडले. रेफ्री बघेनात. टाइम-आउट रेफ्रीकडे नाही, स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलावर मागायचा असतो, हे इतकी वर्षं सामने बघूनही मला माहीत नव्हतं. तरीही जिंकलो. पेढे वाटले. एक मुलगी, पाचवीतली, स्पर्धेतले दोन्ही सामने बूट बांधून, पाण्याची बाटली मांडीवर धरून बाकावर बसून होती. तिला मी एकदाही आत पाठवलं नव्हतं. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, फोटोत दिसलं. ती पुढच्या सोमवारी आली नाही, नंतरही नाही. तिच्या आईने फोनवर सांगितलं, "तिला आता चित्रकलेचा क्लास लावलाय."

त्यानंतर बारा वर्षांखालच्या वयोगटात मी झोन बंद केला. अनेक देशांत या वयाला झोनवर बंदीच आहे. माणसाला माणूस धरून खेळलं की मुलगी पाय हलवायला शिकते, झोनमध्ये ती नुसती खांब होते. आता सामन्याआधी घरीच कागदावर लिहिते: चार क्वार्टर (सामन्याचे चार भाग), प्रत्येकीने कोणत्या क्वार्टरमध्ये खेळायचं. तो कागद खिशात असतो. सामना रंगला की माझा माझ्यावर विश्वास नसतो, म्हणून कागद. हरतो पुष्कळदा.

टाइम-आउटच्या फजितीने एक फायदा झाला. मी एक सीझन कोच म्हणून न जाता टेबलावर स्कोअरशीट लिहायला बसले. दोनच्या बास्केटला आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) भरीव टिंब, तीनच्या बास्केटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो. खेळाडूचा पाचवा फाउल म्हणजे बाहेर. हे सगळं पेन हातात आल्यावर जसं डोक्यात बसतं तसं टीव्हीसमोर बसत नाही. पुढे गंभीरपणे शिकवायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, पण त्याआधी एक सीझन टेबलावर काढाच.

पालकांबद्दल थोडक्यात. पहिल्या दिवशी विचारतात, "उंची वाढेल ना?" दुसऱ्या महिन्यात, "सर्टिफिकेट मिळेल ना?" दहावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही, पण तिसरीतल्या मुलासाठी जरा लवकर आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या असतात आणि त्यात प्रवेशिका शाळेकडून जाते, आपल्या क्लबकडून नाही. त्यामुळे शाळेच्या पीटीच्या सरांशी संबंध चांगले ठेवा. तुमचीच चार मुलं चार शाळांतून एकमेकांविरुद्ध खेळताना दिसतील तेव्हा टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, हे आधी ठरवून जा.

मुलींचं एक वेगळं आहे. आठवीपर्यंत येतात, नववीत क्लास सुरू होतो आणि एकेक गळायला लागते. शिरीन लिमये पुण्यातूनच भारताकडून खेळली, हे मी पालकांना सांगते. ऐकतात, मान डोलावतात, आणि मग क्लासची वेळ सांगतात. मी भांडणं सोडलंय. आता विचारते, रविवारी सकाळी एक तास पाठवाल का? निम्म्या पाठवतात.

काही गोष्टींत मात्र सूट नाही. एकट्या मुलाला किंवा मुलीला गाडीवरून घरी सोडायचं नाही, पाऊस असला तरी. मैदानावर कायम दोन मोठी माणसं. प्रत्येक मुलाच्या घरचे दोन नंबर आणि दम्यासारखं काही असेल तर त्याची नोंद माझ्या वहीत, फोनमध्ये नाही, फोन बंद पडतो. चेंडू लागून बोट सुजलं की कडेचे काका लोक ते ओढून "बसवायला" धावतात. ओढू द्यायचं नाही. वाढत्या वयाच्या हाडाला टोकाशी इजा झालेली असू शकते. बर्फ, आणि डॉक्टर. पहिल्या वर्षी मी यातला एक नियम मोडला होता, नशीब चांगलं होतं म्हणून निभावलं. कोणता ते सांगत नाही.

आणि सामने? बघते अजून. पण थेट नाही. शनिवार-रविवार सकाळी साडेसहाची बॅच असते, नेमकी तीच वेळ. फोन पिशवीत तळाला. मोठ्या मुलांना सक्त ताकीद आहे की स्कोअर सांगायचा नाही. गेल्या जूनमध्ये फायनलच्या सकाळी एक आठवीतला धावत आला आणि तोंड उघडणार तोच बाकीच्यांनी त्याच्या तोंडावर चेंडूची पिशवी दाबली.

पावसाळ्याचं राहिलं. जून ते सप्टेंबर उघड्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरतं, नेमकं शालेय स्पर्धा तोंडावर असताना. सुकलंय असं वाटतं आणि फ्री थ्रोच्या रेषेपाशी मूल सटकतं. दर आठवड्याला घासावं लागतं: ब्लीचिंग पावडर रात्री टाकायची, सकाळी तारेच्या ब्रशने घासून पाणी मारायचं, आणि पाणी पूर्ण निघून गेल्याशिवाय मुलांना आत सोडायचं नाही. शिकवायला यायचंच असेल तर या शनिवारी पावणेसहाला या. चेंडू आणू नका, आहेत. खराटा आणा.