जोते तेवढेच ठेवून जुने कौलारू घर थंड कसे करावे

किनाऱ्याजवळचे जुने घर उतरवण्याआधी किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या १:४००० नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधा. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, असते. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या गावांत ते ५० मीटर. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल ते.

या पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचे क्षेत्र, चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत एकूण बांधकाम) आणि घनता वाढवता येत नाही. म्हणजे बैठ्या घराला वरचा राहता मजला नाही आणि जोत्याबाहेर नवी पडवी नाही. भिंतीला उष्णतारोधक थर द्यायचा तर तो आतून द्या किंवा भिंतच आत घ्या.

असेसमेंटचा उतारा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणीचा नकाशा जमवा. घर उभे असतानाच जोत्याच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा, कारण जुनी घरे क्वचितच काटकोनात असतात. टेप दिसेल असे फोटो काढा. आधी पाडले आणि मग अर्ज केला, तर मूळ जोते दाखवायला काहीच उरत नाही. घरपट्टी भरल्याची पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. स्वतःच्या राहत्या घराचे एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर परवानगी स्थानिक प्राधिकरणच देते, पण सीआरझेडच्या अटी तपासूनच.

आता छप्पर. घर तापते ते मुख्यतः इथून, म्हणून पैसा आधी इथेच घाला. कौले काढून उघडा स्लॅब टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. इको-निवास संहितेत, म्हणजे केंद्राच्या घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीत, छपराचे यू-मूल्य (छपरातून किती उष्णता आत येते याचे माप, कमी तेवढे चांगले) जास्तीत जास्त १.२ धरले आहे आणि उघडा आरसीसी स्लॅब त्याच्या दुपटीहून वर जातो. स्लॅब टाकायचाच असेल तर वर २५ मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचे तक्ते) घातले की मर्यादा सांभाळली जाते. ५० मिमी घातले तर मूल्य साधारण ०.५ पर्यंत उतरते. मंगलोरी कौले ठेवत असाल तर रिपांखाली चकचकीत फॉइल लावा, फॉइल आणि कौलांमध्ये हवेची पोकळी राखा आणि आढ्याशी गरम हवेला वाट द्या. या वाटेला नैर्ऋत्येच्या पावसाची झड लागणार नाही असा आडोसा हवाच.

दमट हवेत वाऱ्याला पर्याय नाही. याच संहितेप्रमाणे उष्ण-दमट भागात खिडक्या-दारांचे उघडणारे क्षेत्र घराच्या कार्पेट क्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश हवे. १२ चौरस मीटरच्या खोलीला २ चौरस मीटर. सरकत्या खिडकीचे अर्धेच क्षेत्र उघडते, त्यामुळे १.२ बाय १.२ मीटरची खिडकी हिशेबात ०.७२ धरा. इथे कब्ज्याची, पूर्ण उघडणारी झडपच बरी. समोरासमोरच्या भिंतींत उघडी जागा नसेल, तर एकाच बाजूची मोठी खिडकीही फारशी कामाची नाही.

चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटपेक्षा चुन्याचा गिलावा द्या. सिमेंटखाली ओल कोंडते आणि गिलावा सुटतो.

सौर पॅनेलला किलोवॅटमागे साधारण १० चौरस मीटर सावलीमुक्त छप्पर लागते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, ३ किलोवॅट आणि पुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल आयईसी ६१७०१ या खाऱ्या हवेच्या चाचणीत उतरलेले घ्या, बोल्ट एसएस ३१६ या गंजरोधक पोलादाचे घ्या आणि चौकट कौलांवर न टेकवता वाशांना हुकाने बांधा.