९१ टक्के आणि तीन मिलिमीटर

दहावीला ९१ टक्के पडले तेव्हा आईनं मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत घरटी पेढे वाटले. पुढं मेकॅनिकलचा डिप्लोमा, तोही डिस्टिंक्शननं. त्यामुळं उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा मान जरा ताठच होती.

तिसऱ्या दिवशी एक लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, तपासायला दिला. ड्रॉइंगवर लांबी ३०० मिलिमीटर, माझ्या स्टीलच्या पट्टीवर भरली ३०३. दोनदा मोजली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, पॅटर्न चुकलाय. तीन मिलिमीटर मोठा."

पॅटर्नवाल्या मामांनी आपली पट्टी काढून माझ्या पट्टीला लावून धरली. शून्याला शून्य जुळलं, पण त्यांच्या खुणा पुढं सरकत गेल्या. त्यांचे ३०० माझ्या ३०३ वर. "ही कॉन्ट्रॅक्शनची पट्टी हाय. बीड थंड होताना आटतंय का न्हाई?"

आटतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. पॅटर्न अलाउन्सचे, म्हणजे पॅटर्नच्या मापात मुद्दाम ठेवायच्या फरकाचे, प्रकार परीक्षेत मी आकृत्यांसकट लिहिले होते, पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. सगळं पाठ होतं. ते हातातल्या या लाकडाबद्दलच आहे, एवढं मात्र सुचलं नाही. वर दोन दिवस मामांशी बोललो नाही. तो मूर्खपणा मोजमापापेक्षा मोठा.

मार्क फुकट जातात असं मी म्हणणार नाही. डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या मार्कांवर, डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं तर डिप्लोमाचे मार्क. दारातनं आत यायला ते लागतातच. (मार्कांवर काही नसतं म्हणणारे काका स्वतःच्या पोराला दोन-दोन क्लास लावतात, ते सोडा.)

आता नवीन पोरं माझ्या हाताखाली येतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात रिजेक्ट झालेलं एक कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) देतो आणि हे भोक कशानं पडलं विचारतो. मागं एकानं ब्लो होलची (वायू अडकून पडलेल्या भोकाची) व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. दुसरा, फर्स्ट क्लास हुकलेला, ते उलटसुलट करून बघत म्हणाला, "नक्की माहीत नाही सर. वाळू जास्त ओली होती का?" ओलीच होती. त्याला दुसऱ्या दिवसापासून वाळूच्या टेस्टिंगला बसवला.

तुम्ही अजून कॉलेजात असाल तर सीनियरच्या जर्नलमधली रीडिंग उतरवू नका. स्वतः घ्या, चुकली तर का चुकली ते सरांना विचारा. शक्य झालं तर सुट्टीत एखाद्या शॉपमध्ये चार दिवस उभं राहा, नुसतं बघायला. आणि वर्कशॉपचा फिटिंगचा जॉब, म्हणजे कानशीनं मापात आणायचा लोखंडी तुकडा, स्वतः घासा, तिरका झाला तरी. माझा जॉब शेजारच्या बाकावरच्या मित्रानं घासून दिला होता. त्याला माझ्यापेक्षा दोन मार्क कमी पडले.