दात काढलेल्या मांजराची शुश्रूषा करताना या चुका टाळा

रस्त्यावरून उचलून आणलेल्या मांजरांना दातांच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे घरी सांभाळण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करते. इतक्या वर्षांत चुकांची यादी फारशी बदललेली नाही, चुका करणारी माणसे तेवढी बदलतात. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, टाके नीट बसलेले असतात, डॉक्टरांनी सर्व सूचना कागदावर लिहून दिलेल्या असतात. तो कागद मात्र मांजर नेण्याच्या कॅरियरच्या तळाशी चुरगळून पडलेला असतो, आणि तिसऱ्या दिवशी मांजर पलंगाखालून बाहेर यायला तयार नसते.

आरंभीच एक भीती बाजूला काढते. प्रौढ मांजराला 30 दात असतात. तोंडातील जुनाट दाह, ज्याला डॉक्टर स्टोमॅटायटिस म्हणतात, तो असेल तर पुढचे-मागचे खराब झालेले दोन-चार दात काढून भागत नाही. मागच्या सगळ्या दाढा आणि कधी कधी सगळेच दात काढावे लागतात. हे ऐकले की नवखी माणसे पहिला प्रश्न विचारतात तो हा, की आता हे मांजर खाणार कसे. मांजराचे दात भक्ष्य धरण्यासाठी आणि मांस कातरण्यासाठी असतात. आपल्यासारखे अन्न दळून खाणे त्याच्या जबड्याला जमत नाही, आणि कोरड्या खाद्याचे दाणे पुष्कळ मांजरे दात असतानाही अख्खेच गिळतात. हिरड्या भरून आल्या की बिनदाताचे मांजर व्यवस्थित जेवते. चिंता करायचीच असेल तर ती पहिल्या दोन आठवड्यांची करावी.

खाते आहे, म्हणजे दुखत नाही

या एका समजुतीने जेवढे नुकसान केले आहे तेवढे दुसऱ्या कशाने केलेले मी पाहिलेले नाही, आणि ती चूक मी स्वतःही केलेली आहे.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक करडा बोका आला होता. हनुवटी लाळेने सदा ओली, अंग चाटणे सोडून दिल्यामुळे केसांच्या गाठी झालेल्या, अशी त्याची अवस्था होती. त्याच्या सगळ्या दाढा काढल्या. संध्याकाळी घरी आणल्यावर दोन-तीन तासांत त्याने मऊ खाद्याची बशी चाटून पुसून स्वच्छ केली आणि मला मोठी धन्यता वाटली. दुसऱ्या दिवशीही तो खात होता, तिसऱ्या दिवशीही खात होता. म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेले बुप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक मी तिसऱ्या रात्री परस्पर बंद केले. त्या औषधाने त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारत आणि तो शून्यात पाहत बसे, ते मला बघवत नव्हते, हेही कबूल करायला हवे. बाहुल्या विस्फारणे हा त्या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नव्हते.

चौथ्या रात्री तो बशीपाशी गेला, त्याने एक घास घेतला, मान जोरात झटकली, बशीवर फिसकारला आणि कोपऱ्यात पळाला. सकाळी डॉक्टरांना सगळे सांगितले, त्यांनी मला योग्य ते बोलून घेतले, आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर दिवसभरात त्याची वेदना आटोक्यात आली. परंतु त्याने त्या बशीशी धरलेला दावा काही सुटला नाही. मांजर वेदनेचा संबंध खाद्याशी, भांड्याशी आणि जागेशी जोडून टाकते. बशी बदलली, ती ठेवण्याची जागा बदलली, खाद्याचा प्रकारही बदलला, तेव्हा कुठे आठव्या दिवशी तो पोटभर जेवला. दोन दिवसांची औषधे वाचवण्याच्या नादात चार दिवसांचे जेवण घालवले.

उपासमार सोसलेले मांजर दुखत असतानाही खाते, हे मी त्या बोक्याकडून शिकले. बशी रिकामी झाली याचा अर्थ त्याला भूक होती, एवढाच घ्यावा. वेदना पाहायची असेल तर चेहरा पाहावा. मॉन्ट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळे किती आक्रसले आहेत, नाकातोंडाचा भाग किती ताणलेला आहे, मिशा सरळ व ताठ आहेत का आणि डोके खांद्यांच्या खाली गेले आहे का, अशा पाच गोष्टींना 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे असतात. बेरीज 10 पैकी 4 किंवा त्याहून जास्त आली तर वेदनाशामकाचा विचार करायला हवा. मी सकाळी आणि रात्री, मांजर जागे पण स्वस्थ बसलेले असताना, दारातूनच हे गुण देते आणि दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिते. आकडा वाढला की डॉक्टरांना फोन करते. कागदाचा हा सोपस्कार अनेकांना अतिरेकी वाटतो. त्यांच्याकडून मला रात्री अकराला येणारे फोन मात्र ते अतिरेकी मानत नाहीत.

औषध देण्याच्या पद्धतीतही लोक वाट्टेल तो आडमार्ग काढतात. बुप्रेनॉर्फिनचे द्रावण खाद्यात मिसळणे हा त्यातला सर्वांत लाडका. हे औषध गालाच्या आतील ओल्या त्वचेतून शोषले जाण्यासाठी दिलेले असते. ते पोटात गेले तर बहुतांश भाग यकृतातच निकामी होतो आणि मांजराला वेदनाशामक मिळालेच नाही अशी गत होते. सुई नसलेली सिरिंज ओठांच्या कोपऱ्यातून गालाच्या पिशवीत सरकवून थेंब हळूहळू सोडावेत, तोंड उघडायची गरजच पडत नाही. दुसरा घोळ मेलॉक्सिकॅम या दाह आणि वेदना कमी करणाऱ्या औषधाचा. मांजरांसाठीच्या द्रावणात दर मिलिलिटरला 0.5 मिलिग्रॅम औषध असते आणि कुत्र्यांसाठीच्या द्रावणात 1.5 मिलिग्रॅम, म्हणजे घरात कुत्र्याची जुनी बाटली असेल आणि तीच वापरली तर मांजराला तिप्पट मात्रा जाते. शरीरात पाणी कमी असलेल्या किंवा मूत्रपिंडे दुबळी असलेल्या मांजराला हे औषध नेमक्या मात्रेतही घातक ठरू शकते, म्हणून मांजर खात-पीत नसेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. आणि पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. ते पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच बिघडते आणि माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

जबरदस्तीने भरवणे, आणि वाट पाहत बसणे

या दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध असूनही बरेचदा एकच माणूस दोन्ही करतो: पहिल्या संध्याकाळी घाबरून सिरिंजने खाद्य कोंबतो, मांजराने ओरबाडले की रुसतो, आणि मग दोन दिवस "भूक लागली की खाईल" असे म्हणत बसतो.

भूल दिलेल्या दिवशी मांजराने थोडेच खाल्ले तर त्यात वावगे काही नाही. अर्धवट गुंगीत असलेल्या मांजराच्या तोंडात पातळ खाद्य सोडले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि ताज्या टाक्यांच्या तोंडाशी झटापट केली तर मांजर त्या खाद्याचाच तिरस्कार करू लागते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणि कसे भरवायचे ते दाखवल्याशिवाय सिरिंजला हात लावू नये. मी ओले खाद्य कोमट पाण्यात पेजेसारखे सरसरीत करते आणि मांजराच्या अंगाइतके, म्हणजे साधारण 38 अंश सेल्सियस, गरम करून पसरट बशीत देते. तोंड सुजलेले मांजर आधी वासावर येते आणि थंड खाद्याला वास नसतो. वीस मिनिटांत शिवले नाही तर बशी उचलते आणि दोन तासांनी ताजे खाद्य देते. बशी दिवसभर नाकासमोर ठेवल्याने भूक वाढत नाही, उलट किळस येते.

भूल उतरल्यानंतर 24 तास उलटले आणि मांजराने काहीच खाल्ले नाही, तर मात्र वाट पाहू नये. मांजर काही दिवस उपाशी राहिले की शरीरातील चरबी मोठ्या प्रमाणावर यकृतात साठू लागते, आणि हा आजार जिवावर बेततो. लठ्ठ मांजराला त्याचा धोका अधिक असतो. मळमळ थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधे डॉक्टरांकडे असतात, गरज पडल्यास ते नळीनेही खाद्य देतात. मांजराने किती खाल्ले याचा अंदाज बांधण्यापेक्षा रोज एकाच वेळी त्याचे वजन करावे. सलग दोन दिवस काटा खाली आला की मी आणखी पुरावा शोधत नाही.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

टाके पाहण्यासाठी तोंड उघडू नये. दाताच्या जागी वापरलेला दोरा बहुधा विरघळणारा असतो, तो काही आठवड्यांत आपोआप जातो, आणि टाके तपासणे हे दहा-चौदा दिवसांनी होणाऱ्या तपासणीत डॉक्टरांचे काम आहे. तोंडाला पंजा लागू नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर "बिचाऱ्याला त्रास होतो" म्हणून काढू नये, कारण पंजाने तोंड खाजवून टाके उसवले की पुन्हा भूल द्यावी लागते.

पहिले दोन दिवस लाळ गुलाबी दिसणे चालते. ताजे लाल रक्त टपकत राहणे चालत नाही. खाल्ल्यानंतर शिंका येऊ लागल्या किंवा नाकातून खाद्य अथवा पाणी आले, तर वरच्या जबड्यातील जखम नाकाशी जोडली गेली असण्याची शक्यता असते. वरचा सुळा काढल्यावर खालचा सुळा वरच्या ओठात रुतून तेथे जखम करू शकतो. भूल उतरल्यावर मांजर वस्तूंवर आदळू लागले, तर त्याला दिसत आहे का हे तातडीने तपासून घ्यावे, कारण शस्त्रक्रियेत तोंड फार ताणून उघडे ठेवल्यास मांजराला अंधत्व आल्याची उदाहरणे आहेत.

दूध देऊ नये. कांदा किंवा लसूण असलेले कोणतेही तयार सूप किंवा मांसाची पेस्ट देऊ नये, दोन्ही पदार्थ मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतात. लवंगेचे तेल हिरड्यांना लावू नये, ते मांजरांना विषारी आहे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी कोरडी गिळायला लावू नये. ती अन्ननलिकेत अडकून तेथे भाजल्यासारखी जखम करते, म्हणून गोळीमागोमाग पाच-सहा मिलिलिटर पाणी द्यावे. दोन आठवडे कोरडे खाद्य आणि चावण्याची खेळणी बंद ठेवावीत.

सगळे घर मोकळे सोडणे ही खास उतावळ्या माणसांची चूक आहे. रस्त्यावर वाढलेल्या मांजराला मोठे घर म्हणजे स्वातंत्र्य वाटत नाही, लपण्याच्या शंभर जागा वाटतात, आणि ज्या मांजराला औषधासाठी रोज दोनदा पलंगाखालून ओढून काढावे लागते ते तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. एक लहान, उबदार खोली, तोंड एका बाजूला उघडे असलेले खोके, शी-शूसाठी लिटर ट्रे, पाणी, आणि उडी मारता येईल असे उंच काहीही नाही, एवढेच पुरते. घरातली इतर मांजरे बाहेर ठेवावीत.

स्टोमॅटायटिसच्या मांजराबाबत निकाल लावण्याची घाईही करू नये. जखमा दोन आठवड्यांत भरतात, पण दाह ओसरायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि काही मांजरांना त्यानंतरही औषधे द्यावी लागतात. पंधराव्या दिवशी "एवढे दात काढून फरक काहीच नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पुढच्या तपासणीची तारीख विचारते.

आणि उरलेली औषधे पुढच्या मांजरासाठी कपाटात जपून ठेवू नयेत. वजन वेगळे, आजार वेगळा, मूत्रपिंडांची अवस्था वेगळी, आणि बाटलीवरचे अक्षर तोवर पुसट झालेले असते. शेवटच्या तपासणीला जाताना मी त्या बाटल्या कॅरियरच्या पुढच्या खिशात टाकते आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून येते.