दिल्लीत ऑफिसचं काम आणि फॅमिली ट्रिप एकत्र करताय? या चुका टाळा

ऑफिसनं दिल्लीचा दौरा लावला की घरातून पहिला प्रश्न येतो, आम्ही पण येऊ का? यावंच असं माझं मत आहे. एका माणसाचं जायचं-यायचं भाडं आणि निदान दोन रात्रींची खोली तर आधीच निघालेली असते, आणि लाल किल्ला, संसद, इंडिया गेट हे मुलांनी एकदा डोळ्यांनी बघितलेलं असलं की नागरिकशास्त्राचा धडा वेगळाच वाचला जातो. पण बहुतेक घरांत प्लॅन असा होतो की मीटिंग संपली की बघू, जेवढा वेळ उरेल तेवढं फिरू, आणि सगळी गडबड इथंच होते, कारण संध्याकाळी सहाला काम सुटलं की किल्ला बंद झालेला असतो, रस्त्यावर ट्रॅफिक पेटलेला असतो आणि बायको-मुलं दिवसभर हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघून कंटाळलेली असतात. दिल्लीसाठी वेगळे दिवस काढावे लागतात, आणि कामाच्या दिवशी घरच्यांना तुमच्याशिवाय बाहेर पडता येईल अशी सोय आधीच करून ठेवावी लागते. खालच्या बहुतेक चुका हे न केल्यानंच होतात.

सोमवार-मंगळवारची मीटिंग घेणं

ही सगळ्यात कॉमन चूक, आणि कुणी आधी सांगत नाही. आपल्याला वाटतं शनिवारी सकाळी पोचू, वीकेंडला फिरू आणि सोमवारपासून काम. शनिवार-रविवार बरे जातात पण सोमवारी तुम्ही ऑफिसला गेलात की घरचे बाहेर पडतात आणि एकेक दार बंद मिळत जातं. लाल किल्ला सोमवारी बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, नॅशनल म्युझियम बंद, चाणक्यपुरीचं रेल म्युझियम बंद, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय बंद, गांधीजींची हत्या झाली ती जागा म्हणजे गांधी स्मृती, तीही बंद. म्हणाल मार्केटला जाऊ, तर सरोजिनी नगर, लाजपत नगर, करोल बागची सुट्टी पण सोमवारचीच असते.

म्हणून तारीख तुमच्या हातात असेल तर काम गुरुवार-शुक्रवारी लावून घ्या आणि शनिवार-रविवार पुढं जोडा. काम आधी उरकलेलं असतं, डोक्यात काही राहत नाही आणि वीकेंडला फोनही कमी वाजतो. शिवाय गुरुवार-शुक्रवार घरच्यांना जवळपास सगळं उघडं मिळतं (फक्त प्राणीसंग्रहालय शुक्रवारी बंद असतं, लहान मुलं असतील तर हे लक्षात ठेवा).

तारीख हातात नाहीये आणि सोमवार अडकलाच तर घाबरू नका, त्या दिवशी कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, पुराना किल्ला, जंतरमंतर उघडे असतात. हुमायूनच्या मकबऱ्याला लागूनच सुंदर नर्सरी म्हणून मोठी बाग आहे, मुलांना पळायला भरपूर जागा, अर्धा दिवस आरामात जातो. प्रगती मैदानाजवळचं नॅशनल सायन्स सेंटर होळी-दिवाळी सोडली तर रोज उघडं असतं, आणि आठ-दहा वर्षांच्या पोरांना तिथून बाहेर काढणं अवघड जातं. बंगला साहिब गुरुद्वारा चोवीस तास उघडा, तिकीट नाही, लंगरचं जेवण मिळतं, फक्त डोकं झाकायचं असतं, त्यामुळे एक ओढणी आणि रुमाल बॅगेत असू द्या.

आग्रा शुक्रवारी ठेवणं

काम गुरुवारी संपलं, मग शुक्रवारी आग्रा करून येऊ, असं पटकन ठरतं. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो. हजरत निजामुद्दीनहून सकाळी आठच्या सुमाराला सुटणारी आणि साधारण पावणेदोन तासांत आग्रा कँटला पोचवणारी गतिमान एक्सप्रेस पण म्हणूनच शुक्रवारी धावत नाही. तेव्हा आग्रा शनिवारी, किंवा एक दिवस रजा मिळत असेल तर अजून चांगलं म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशी, कारण रविवारी ताजमध्ये गर्दी फार असते आणि एका तिकिटावर तीनच तास आत राहता येतं.

शुक्रवारशिवाय दुसरा दिवसच नसेल तर मी म्हणेन तरी जा, आणि ताज पलीकडून बघा. यमुनेच्या दुसऱ्या काठावर मेहताब बाग आहे, तिथून ताज समोर दिसतो. आणि आग्र्याचा किल्ला शुक्रवारी उघडा असतो. आपल्या माणसांनी तर आग्र्याला जाऊन किल्ला बघितलाच पाहिजे. १६६६ मध्ये शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले ते इथंच, संभाजीराजे बरोबर, वय जेमतेम नऊ. त्याच वयाची मुलं तुमच्याबरोबर असतील तर दिवाण-ए-आमच्या समोर उभं राहून त्यांना ही गोष्ट सांगा, काय फरक पडतो ते बघा. पर्यटक आत जातात त्या अमरसिंह दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. बऱ्याच मराठी फॅमिली ताज बघून, पेठा घेऊन परत निघतात आणि हे राहून जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऑफिसला जवळ म्हणून कुठलंही हॉटेल

'दिल्लीत काम आहे' म्हणजे बऱ्याचदा काम गुडगाव नाहीतर नोएडात असतं. ट्रॅव्हल डेस्क ऑफिसशेजारचं हॉटेल देतं, एकट्याला ते सोयीचं, पण फॅमिलीला तिथून रोज चांदणी चौकापर्यंत यायचं म्हणजे मेट्रोनं पण तासभर आणि टॅक्सीनं किती ते संध्याकाळच्या ट्रॅफिकवर. यावर उपाय सोपाय, हॉटेल बघताना मेट्रोचा नकाशा उघडून बसा. गुडगावचं काम असेल तर यलो लाइन धरा: ग्रीन पार्क, हौज खास, मालवीय नगर या पट्ट्यात राहिलात तर तुम्ही एका दिशेनं गुडगावला जाता आणि घरचे त्याच लाइननं उलट दिशेला सेंट्रल सेक्रेटरिएट, राजीव चौक, चांदणी चौक. कुतुबमिनार पण याच लाइनवर. नोएडाचं काम असेल तर ब्लू लाइन, म्हणजे करोल बाग किंवा कॅनॉट प्लेसच्या आसपास राहा, अक्षरधाम त्याच लाइनवर येतं.

कंपनीच्या टाय-अपच्या हॉटेलातच राहायचं बंधन असेल तर फॅमिली खोलीत चालते का, एक्स्ट्रा बेडचे आणि मुलांच्या नाश्त्याचे पैसे किती, हे बुकिंगच्या आधी विचारा, चेक-इनच्या काउंटरवर नाही. आणि सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा, मुलांची आधार कार्डं पण.

तुम्ही एका टर्मिनलला, फॅमिली दुसऱ्या

तुमचं तिकीट ऑफिस काढतं, घरच्यांचं तुम्ही काढता, दोन वेगळ्या एअरलाइन्स, आणि मग तुम्ही उतरता टर्मिनल ३ ला आणि बायको-मुलं टर्मिनल १ ला. दोन्ही नावं एकाच विमानतळाची असली तरी ही टर्मिनलं एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, चालत जाता येत नाही, आणि मेट्रोच्या लाइनही वेगळ्या: टर्मिनल ३ ला एअरपोर्ट एक्सप्रेस, टर्मिनल १ ला मजेंटा. म्हणून आधी तुमचं तिकीट कन्फर्म होऊ द्या, फ्लाइट नंबर घ्या आणि त्याच विमानात घरच्यांची तिकिटं काढा.

ट्रेनचं पण असंच. मुंबई सेंट्रलहून सुटणारी मोठी राजधानी नवी दिल्ली स्टेशनला जाते, ऑगस्ट क्रांती राजधानी हजरत निजामुद्दीनला. पुण्याहून गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनला, झेलम नवी दिल्लीला. कोण कुठं उतरणार हे बघूनच टॅक्सी सांगा. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं आणि ऑफिसचे दौरे आठवडाभर आधी ठरतात, त्यामुळे घरच्यांचं वेटिंगच मिळतं, आणि ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट झाल्यावर पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. त्या भरवशावर मुलांना तयार करून बसवू नका, दुसरा पर्याय हाताशी ठेवा.

नवी दिल्ली स्टेशनवर पहाडगंजच्या बाजूला कुणी येऊन सांगेल की तुमचं हॉटेल बंद झालंय, तो रस्ता बंद आहे, मी दुसरीकडं नेतो. थांबू नका, उत्तर देऊ नका, हॉटेलला स्वतः फोन लावा. एअरपोर्ट एक्सप्रेसची मेट्रो पलीकडं, अजमेरी गेटच्या बाजूला आहे.

लॅपटॉपची बॅग घेऊन थेट ऑफिसमधून फिरायला

अक्षरधाममध्ये मोबाइल, कॅमेरा, बॅग, कुठलंही इलेक्ट्रॉनिक सामान नेता येत नाही, सगळं बाहेर जमा करावं लागतं. आता विचार करा, कामाचा दिवस, बॉसचा फोन कधीही येऊ शकतो, आणि तुमचा फोन तीन-चार तास क्लोकरूममध्ये. कंपनीचा लॅपटॉप पण तिथंच. म्हणून अक्षरधाम फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि संध्याकाळचा वॉटर शो बघायचा असेल तरी दुपारीच आत जा, कारण साडेसहाच्या सुमारास प्रवेश बंद होतो. लाल किल्ला, ताज, मेट्रो सगळीकडं तपासणी असते, मोठी बॅग म्हणजे रांग आणि कटकट. लॅपटॉप हॉटेलात ठेवूनच बाहेर पडा.

कामाच्या दिवशी संध्याकाळी काय, तर नॅशनल वॉर मेमोरियल आणि इंडिया गेट. तिकीट नाही, फोन जवळ राहतो, आणि दिवे लागल्यावर तो सगळा परिसर फार छान दिसतो. मेमोरियलच्या परम योद्धा स्थळावर परमवीर चक्र मिळालेल्यांचे अर्धपुतळे आहेत, तिथं मुलांना रामा राघोबा राणे आणि अर्देशीर तारापोर शोधायला लावा. नाहीतर आयएनएजवळचं दिल्ली हाट, रोज उघडं असतं आणि वेगवेगळ्या राज्यांचं जेवण एका जागी मिळतं. छोले-पराठे खाऊन मुलांची पोटं कुरकुरायला लागली असतील तर कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवीन महाराष्ट्र सदन आहे, आपल्या चवीचं जेवण मिळतं, फक्त जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

मेट्रोत चुकामूक

गाडी ज्या दिशेला जाते त्या दिशेचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. राजीव चौकला गर्दीत आई आणि मुलगी त्या डब्यात चढतात, तुम्ही मागच्या, आणि उतरल्यावर कोण कुठल्या गेटनं बाहेर गेलं कळत नाही, वरून जमिनीखाली नेटवर्क दगा देतं. आधीच ठरवा, उतरायचं स्टेशन कोणतं आणि भेटायचं कुठल्या नंबरच्या गेटच्या आत, मशीनमधून बाहेर पडायच्या अगोदर. एका स्मार्ट कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं कार्ड नाहीतर क्यूआर तिकीट लागतं. तीन फुटांपेक्षा कमी उंचीची मुलं मात्र मोठ्यांबरोबर फुकट.

शाळेच्या सुट्टीवर डोळे झाकून जाणं

आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि दिल्लीची हवा यांचं अजिबात जुळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आणि नोव्हेंबरभर तिथं प्रदूषण सगळ्यात वाईट असतं, घरात कुणाला दमा असेल तर नेऊच नका, यात तडजोड नको. नाताळच्या सुट्टीत आणि जानेवारीत धुकं, विमानं-गाड्या तासन् तास लेट, त्यामुळे पोचल्याच्या दिवशीच मीटिंग ठेवू नका. मे महिन्यात ४४-४५ डिग्री. जानेवारीत परेडच्या तालमींसाठी कर्तव्यपथाचे रस्ते बंद होतात, आणि १५ ऑगस्टच्या आधी बरेच दिवस लाल किल्ला बंद ठेवतात. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हे खरे दिवस. शाळेचे दोन दिवस बुडाले तरी चालतील असं मी म्हणेन, फेब्रुवारी-मार्चमध्ये राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान पण उघडं असतं, फक्त नोंदणी ऑनलाइन आधी करा.

मीटिंग लांबली तर

लांबतेच. म्हणून त्या दिवशी घरच्यांच्या प्लॅनमध्ये तुमची गरजच नको. त्यांच्या फोनमध्ये हॉटेलचा पत्ता, मेट्रोचं ॲप, एक टॅक्सी ॲप आणि त्यात पैसे, थोडी रोख, हे सकाळी तपासून मगच निघा. आणि त्यांना 'येतोच दहा मिनिटांत' असं सांगून गेटवर उभं करू नका, सरळ सांगा की तुम्ही पुढं जा, मी रात्री जेवायला येतो.

बिलं मिक्स करणं

कामाच्या रात्री आणि तुमच्या रात्री यांची हॉटेलकडून दोन वेगळी बिलं घ्या, कामाच्या बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर, दुसऱ्यावर तुमचं नाव. एक्स्ट्रा बेड, मुलांचं जेवण, लॉन्ड्री जागेवर स्वतः भरा. परतीचं तिकीट शुक्रवारऐवजी रविवारचं हवं असेल तर ते काढायच्या आधीच ट्रॅव्हल डेस्कला मेल करा, भाड्यात फरक असेल तर मी भरतो असं त्याच मेलमध्ये लिहा आणि साहेबांना कॉपी ठेवा. सरकारी नोकरीत असाल तर रजेबरोबर मुख्यालय सोडायची परवानगी पण घ्या. टॅक्सीच्या पावत्या त्या-त्या दिवशीच फोटो काढून तारखेप्रमाणे ठेवा, कारण शनिवारची कुतुबमिनारची टॅक्सी चुकून क्लेममध्ये गेली तर तीन महिन्यांनी ऑडिटमध्ये त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.