होडीचं इंजिन खाडीला पुरेल का?

दाभोळ खाडीच्या मुखातून बाहेर पडायचं तर मी हॉर्सपॉवर विचारत नाही, वेग मोजतो. पाणी थबकलेलं असताना जीपीएसवर जाता-येता वेग बघा, सरासरी काढा. माझ्या होडीची पाण्यातली लांबी 20 फूट. जड बुडाची, म्हणून 6 नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास अडते. मोठं इंजिन लावलं तर नुसतं डिझेल जास्त जळेल.

मग पाण्याची ओढ मोजा. जेटीवर 10 मीटर आखा, नारळाचं सोडण टाका. 5 सेकंदांत पार झालं तर पाणी जवळपास 4 नॉटचं! (खाडीच्या मध्यावर आणखी जास्त धरा.) म्हणजे ओहोटीविरुद्ध परतताना हाती उरले जेमतेम 2. मला ते नको. अमावास्या-पुनवेच्या उधाणात ओहोटीचा तिसरा-चौथा तास टाळतो. भांगाला (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) मात्र, वारा बरा असेल तर, खुशाल निघा.