‘काळी पडशील’ न म्हणता मुलींना उन्हापासून कसं जपावं

‘स्कार्फ बांध, काळी पडशील!’ साताऱ्यात स्कूटीला किल्ली लावताना हे ऐकलं नाही अशी मुलगी विरळा. मीही भाचीला हेच म्हणायचे. पोवई नाक्यापर्यंत डोळे सोडून सगळं तोंड झाकलेलं, आणि मैदानावर भर दुपारी दोन तास उघड्याने खो-खो! धाक रंगाचा घातला होता, उन्हाचा नाही.

युरोप-अमेरिकेत उलटी तऱ्हा. तिथल्या मुली रंग चढावा म्हणून टॅनिंगच्या मशीनखाली झोपतात. ही मशीनं कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००९ सालीच सांगितलंय. पण विशीत कॅन्सर फार लांबचा वाटतो. म्हणून मानसशास्त्रज्ञ मुलींना त्यांचाच अतिनील कॅमेऱ्याने काढलेला फोटो दाखवतात. उन्हाने पडलेले, एरवी न दिसणारे डाग त्यात उठून दिसतात.

आपण सुरुवात ‘काळी’ हा शब्द बंद करण्यापासून करू. रंगाच्या भीतीने पोरी सनस्क्रीनऐवजी गोरं करणारी क्रीम आणतात, आणि तसल्या काही क्रीममध्ये स्टिरॉइड निघतं.

मग दाखवा. कॅमेरा नको, आजीचा हात पुरे. दंडाची आतली बाजू आणि मनगटाची वरची बाजू, दोन्ही शेजारी शेजारी बघू द्या. वय एकच, पण एकीकडे कातडी मऊ, दुसरीकडे ठिपके नि सुरकुत्या. भाचीने आजीच्या दंडावरून दोनदा बोट फिरवलं. बोलली काहीच नाही. अशा वेळी आपणही गप्प बसायचं. प्रवचन सुरू झालं की मुसळ केरात.

‘लावत जा’ म्हणून कुणी लावत नाही. ‘वेणी झाली की सनस्क्रीन’ असं तिचं तिलाच ठरवू द्या. ट्यूब आरशापाशी ठेवा. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचावाचा ट्यूबवरचा आकडा, किमान ३०. दोन बोटांवर दोन रेघा, चेहरा आणि मानेला. मागची मान, कान विसरायचे नाहीत. मैदानावर दर दोन तासांनी पुन्हा.

वेळ सावलीवरून ओळखायची: ती आपल्याहून आखूड असली की जपायचं. सप्टेंबरात कासला मात्र फसायला होतं. वारा गार, आभाळ भरलेलं, पण अतिनील किरण ढगांतूनही येतात.

राहिली लाज. शेतात बायका साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट चढवतात, कुणी हसत नाही, कारण सगळ्याच चढवतात. म्हणून एकट्या पोरीच्या मागे न लागता टीमच्या कॅप्टनला गाठा. भाचीच्या टीमने यंदा पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट शिवून घेतले. रंग पोरींनीच निवडला. काळा.